टॉवरवर चढायचे की नाही, हे जमिनीवरच ठरू द्या

प्रश्न : मोबाइल टॉवरच्या देखभालीचे काम घेणाऱ्या एका उपकंत्राटदाराकडे मी पर्यवेक्षक आहे. पाटण आणि जावळी तालुक्यांतील डोंगरावरच्या बऱ्याच साइट माझ्याकडे आहेत आणि चढणारी सहा मुले माझ्या हाताखाली आहेत. गेल्या महिन्यात त्यांपैकी एकाचा पाय सुमारे तीस मीटर उंचीवर निसटला. हुक लावलेला होता म्हणून तो लटकला आणि वाचला. मांडीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मालक म्हणाले, "काही झाले नाही ना, मग विषय वाढवू नका." मुले म्हणतात, "दोन-दोन हुक लावत बसलो तर दिवसाला एकच साइट होईल, दादा." साइट डाउन झाली, म्हणजे टॉवरवरची सेवा बंद पडली, की नियंत्रण कक्षातून रात्री आठ वाजता, पावसातही फोन येतात आणि प्रत्येक तासाचा दंड आमच्या बिलातून कापला जातो. आता पावसाळा तोंडावर आला आहे. उद्या एखादा मुलगा पडला तर जबाबदार मी असेन का? कंपनीला नकार द्यायचा तर कसा द्यावा? झाला प्रकार वर कळवावा का? आणि हे जमणारच नसेल, तर मी नोकरी सोडावी का?
– एक पर्यवेक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या चारही प्रश्नांकडे मी येतो, पण त्याआधी एक काम आजच व्हायला हवे आणि त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नसल्यामुळे मला काळजी वाटते. ज्या बेल्टने आणि ज्या लॅनयार्डने (बेल्ट आणि हुक यांना जोडणाऱ्या दोरीने) त्या मुलाला पेलले, ती दोन्ही सध्या कुठे आहेत? ती पुसून पुन्हा खुंटीला टांगली असतील आणि उद्या दुसरे कोणी तीच घालून चढणार असेल, तर हे वाचून होताच ती बाजूला काढा. लॅनयार्डमधला शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे घड्या घालून शिवलेली पट्टी असते. पडणाऱ्या माणसाचा हिसका बसला की ती शिवण उसवत जाते आणि त्या उसवण्यातच हिसक्याचा जोर जिरतो. हे काम ती एकदाच करू शकते. हार्नेसच्या, म्हणजे अंगावर आवळायच्या त्या बेल्टच्या, पट्ट्यांचे आणि शिवणीचेही तसेच आहे. वरून धड दिसणारा पट्टा आतून ताणलेला असू शकतो. म्हणून एकदा माणूस झेललेले साधन पुन्हा वापरायचे नाही, हा नियम जगभर पाळला जातो. त्यावर तारीख आणि साइटचे नाव लिहून ते कुलपात ठेवा आणि चौकशी संपली की पट्टे कापून टाका, म्हणजे कोणाला ते 'अजून चालेल' असे वाटायला नको.

त्याच जोडीला, पाय का निसटला याचे उत्तर लिहून काढा. 'पाय निसटला' ही घटना झाली, ते कारण नव्हे. पायरीचा बोल्ट सैल होता का, शिडीचा गज गंजून पातळ झाला होता का, बुटाचा तळ गुळगुळीत झाला होता का, दव पडले होते का, तो मुलगा त्या दिवशी कितव्या साइटवर होता आणि आदल्या रात्री किती झोपला होता? यांपैकी जे निघेल ते त्याच टॉवरवर अजूनही तसेच असणार आणि तुमच्या इतर टॉवरवरही असण्याची शक्यता मोठी आहे. ते दुरुस्त होईपर्यंत त्या टॉवरवर कोणीही चढू नये.

आता जबाबदारीविषयी. तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी ती मालकाचीच आहे असे सांगणार नाही. कामाच्या जागी निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वीच्या दंडविधानात हीच मर्यादा दोन वर्षांची होती. अशा प्रकरणात कंत्राटदाराबरोबर त्या दिवशी माणसाला वर पाठवणाऱ्या पर्यवेक्षकाचे नाव तक्रारीत येणे मुळीच दुर्मीळ नाही. वर्क परमिटवर, म्हणजे चढाईच्या परवानगीच्या कागदावर, सही तुमची असते आणि चढण्याचा शब्द तुमच्या तोंडून निघतो. मात्र कायदा तुमच्यापाशी थांबत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत टॉवर, दूरध्वनी आणि वायरलेस यांच्याशी संबंधित बांधकामच नव्हे, तर दुरुस्ती आणि देखभालसुद्धा स्पष्ट शब्दांत धरलेली होती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्येही ती तशीच ठेवली आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सुरक्षित जागा, सुरक्षित साधने आणि प्रशिक्षण देणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. जिवाला तातडीचा धोका आहे अशी वाजवी शंका आली, तर ती नियोक्त्याच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क याच संहितेने कामगाराला दिला आहे. तुम्हीही कोणाचे तरी कर्मचारी आहात, तेव्हा हा हक्क तुमचासुद्धा आहे.

तुमच्या व्यवसायातली खरी अडचण साखळीच्या लांबीत आहे, असे माझे मत आहे. मोबाइल कंपनी टॉवर कंपनीला काम देते, टॉवर कंपनी कंत्राटदाराला, कंत्राटदार उपकंत्राटदाराला, आणि उपकंत्राटदार चढणाऱ्या मुलाला साइटमागे पैसे देतो. अखंड सेवेचा करार वरच्या दोघांत होतो, त्याचा दंड मात्र कडी-कडीने खाली घसरत सर्वांत शेवटी त्या मुलाच्या घाईत उतरतो. वर सुरक्षेची जाडजूड नियमावली असते, खाली त्याच नियमावलीतून हार्नेस घातलेल्या मुलाचा जमिनीवरचा फोटो तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. तो फोटो हार्नेस अस्तित्वात आहे एवढेच सांगतो. तीस मीटरवर हुक कुठे लावला होता, हे त्यातून कळत नाही. सुरक्षेची सगळी यंत्रणा अशी फोटोवर येऊन ठेपली, की निर्णय घेणारा कोणीच उरत नाही आणि चढायचे की नाही हे ठरवण्याचे ओझे वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हिमतीवर पडते. रात्री आठ वाजता फोनवर कोणी ओरडत असताना हिंमत नेहमी चढण्याच्याच बाजूने कौल देते.

म्हणून नकार कसा द्यावा, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : नकार फोनवर देऊ नका, तो आधीच कागदावर देऊन ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर मालकांना आणि टॉवर कंपनीच्या तुमच्या विभागाच्या अधिकाऱ्यांना एकच ईमेल पाठवा. त्यात तक्रारीचा सूर नको, नुसती माहिती हवी. मजकूर साधारण असा ठेवता येईल : "आमच्या चमूकडून सूर्यास्तानंतर, पाऊस पडत असताना किंवा पोलाद ओले असताना, विजा चमकत असताना, तसेच वाऱ्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक असताना टॉवरवर चढाई केली जाणार नाही. अशा वेळी जमिनीवरची सर्व तपासणी केली जाईल आणि परिस्थिती निवळताच चढाई होईल. या काळातील आउटेज (सेवा बंद राहण्याचा वेळ) दंडातून वगळावा, ही विनंती." उत्तर बहुधा येणार नाही. न आले तरी तुमचे काम झाले, कारण रात्री फोन आला की तुम्हाला वाद घालायचा नसतो. "अमुक तारखेच्या ईमेलमधील अटीनुसार उद्या सकाळी सातला चढाई होईल," एवढेच सांगायचे असते. सांगणाऱ्याचे नाव आणि वेळ वहीत टिपून ठेवा. कित्येक करारांत नैसर्गिक आपत्तीच्या काळातला आउटेज दंडातून वगळण्याची तरतूद आधीच असते आणि उपकंत्राटदारापर्यंत ती कोणी पोहोचवत नाही, तेव्हा मालकांना मूळ करार वाचायला सांगा. दंड वाचणार असे दिसले, की मालक सुरक्षेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात, आणि त्या नजरेचा उपयोग करून घेण्यात गैर काही नाही.

वाऱ्याचा आकडा मी उगाच घातलेला नाही. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या तिथे वारा आहे म्हणूनच, आणि तुमच्या कित्येक साइट त्याच उंचीवर आहेत. जमिनीवर झुळूक वाटणारा वारा चाळीस मीटरवर माणसाला बाजूला ढकलतो. त्याच्या हातात अँटेना किंवा मायक्रोवेव्हची थाळी असेल तर त्या थाळीचे शीड होते. हातात मावणारे वारा मोजण्याचे यंत्र फार महाग नसते. ते चमूजवळ असावे, आणि जमिनीवरचा आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर वर तो ओलांडलेला आहे असेच धरावे. विजेच्या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप सर्वांच्या फोनवर ठेवा, पण नेटवर्क गेलेल्या साइटवर अ‍ॅप चालेलच असे नाही, म्हणून कानाचा नियमही शिकवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब उतरायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे गेल्याशिवाय पुन्हा चढायचे नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतरची चढाई शक्यतो ठेवूच नका. खाली उतरल्यावरही टॉवरला टेकून उभे राहायचे नाही, गाडीत बसायचे.

आणि आग्या मोहोळ. सुरक्षेच्या छापील तपासणी याद्या तयार करणाऱ्यांपैकी किती जण सह्याद्रीतल्या टॉवरखाली उभे राहिले असतील, अशी मला नेहमी शंका येते, कारण त्यांत मधमाश्यांना एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. या माश्यांना उंच, मोकळी, माणसाच्या हाताबाहेरची जागा लागते; कड्यानंतर त्यांना टॉवरच सोयीचा वाटतो. अँटेनाच्या मागे किंवा प्लॅटफॉर्मखाली पोळे असेल तर खालून नुसत्या डोळ्यांना ते डागासारखे दिसते. चढाईआधी दुर्बिणीने टॉवर चारही बाजूंनी पाहणे सक्तीचे करा. पोळे दिसले की परमिट रद्द, मग नियंत्रण कक्ष काहीही म्हणो. माश्या अंगावर आल्या की माणूस पहिली गोष्ट करतो ती हुक काढून पळण्याची, आणि तिथे त्याला वाचवणारा बेल्टच निरुपयोगी ठरतो. 'हळूच जाऊन येतो', 'धूर करतो' हे प्रयोग आपल्या मुलांनी करायचे नाहीत. पोळे हलवण्याचे काम त्यातल्या जाणकारांना द्यावे आणि त्याचा खर्च टॉवर कंपनीकडे मागावा.

आता मुलांच्या दोन हुकांच्या तक्रारीकडे येऊ. ती तक्रार खोटी नाही. एक हुक सोडायचा, वर लावायचा, मग दुसरा सोडायचा, असे करत चाळीस मीटर चढायला वेळ लागतो आणि दमही लागतो. म्हणून त्यांना रागावण्याआधी शिडीला उभी जीवनदोरी किंवा रेल मिळवून द्या. दोरीवर सरकणारा ग्रॅब एकदा अडकवला की चढताना तो आपोआप वर येतो आणि झटका बसताच दोरी पकडतो. चढताना हुक बदलावे लागत नाहीत, ते फक्त शिडी सोडून बाजूच्या अँगलवर, म्हणजे टॉवरच्या लोखंडी पट्टीवर, जाताना वापरायचे. सगळ्या टॉवरवर हे एका वर्षात होणार नाही. तेव्हा ज्या टॉवरवर सर्वाधिक चढावे लागते त्यांची यादी करून तिथून सुरुवात करण्याचा लेखी आग्रह धरा. जिथे दोरी नाही तिथे दोन हुक आणि क्षणभरही दोन्ही मोकळे नाहीत, यात तडजोड नको.

हुक कुठे लावायचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी नीट शिकवलेच जात नाही, म्हणून ते हिशोबाने समजावून सांगा. लॅनयार्ड सुमारे १.८ मीटर लांब असते. हुक पायाजवळच्या अँगलला लावला, तर पाठीवरची रिंग हुकापेक्षा साधारण दीड मीटर उंच असते. म्हणजे दोरी ताणली जाण्याआधीच माणूस तीन मीटरहून अधिक पडलेला असतो, त्यानंतर अ‍ॅब्सॉर्बर उघडताना आणखी मीटर-दीड मीटर जातो, आणि या अंतरात टॉवरचे आडवे अँगल, अँटेनाचे माउंट, प्लॅटफॉर्म असे सगळे असते. दोरी धरते खरी, पण तोवर डोके किंवा मणका लोखंडावर आपटलेला असतो. तोच हुक डोक्याच्या वर लावला तर दोरी ताणली जाण्याआधी माणूस सुमारे एक मीटरच पडतो. हे सांगण्यासाठी भाषणाची गरज नाही. जमिनीलगतच्या अँगलला लॅनयार्ड बांधून टेपने मोजून दाखवा. त्याच दिवशी चमूतले सगळे सामान जमिनीवर मांडून कमरपट्टे वेगळे काढा. पडणाऱ्या माणसाला कमरेच्या पट्ट्याने झेलले तर तो पट्टाच पोटातल्या अवयवांना आणि कण्याला इजा करतो. पूर्ण शरीराचा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण असलेला हार्नेस आणि हनुवटीचा पट्टा असलेले हेल्मेट यांहून कमी काही चालवून घ्यायचे नाही. खूण पुसलेली असेल, उत्पादनाची तारीख वाचता येत नसेल, पट्ट्याला रंग, ऑइल किंवा वेल्डिंगची ठिणगी लागलेली असेल, तर तो बाद समजावा.

हे सगळे झाल्यावरही साइटमागे पैसे मिळत राहिले तर मुले घाई करणारच. मला विचाराल तर तुमच्या मालकांकडून एकच गोष्ट मागायची असेल तेव्हा नवीन बेल्टच्याही आधी ही मागा : परत फिरलेल्या चढाईचेही पूर्ण पैसे. वारा, पाऊस, मोहोळ, सैल पायरी किंवा 'आज चक्कर येतेय' यांपैकी कोणत्याही कारणाने मुलगा न चढता परतला तरी त्याची मजुरी कापली जाणार नाही, हे लेखी ठरले की पर्यवेक्षकाची निम्मी डोकेदुखी संपते. मालक म्हणतील की मुले याचा गैरफायदा घेतील. दोन महिने करून पाहा म्हणावे. नोंदवही ठेवा आणि शेवटी दोघे मिळून ती वाचा.

चढायची वेळच कमी येईल, याकडेही लक्ष द्या. साइट डाउन म्हणजे वर बिघाड, असे गृहीत धरून मुले धावतात, पण पुष्कळदा दोष खालीच असतो : महावितरणचा पुरवठा, रेक्टिफायर (एसी विजेचे डीसी करणारे यंत्र), बॅटरी बँक, डिझेल संपलेला जनरेटर. खालची तपासणी पूर्ण करून तिचा फोटो पाठवल्याशिवाय चढाईचे परमिट उघडायचे नाही, असा क्रम लावा. टॉवरचे नुसते निरीक्षण करायचे असेल तर ड्रोनचा पर्याय कंपनीपुढे ठेवा. ज्या अँटेनाचा कोन खालून बदलता येतो तिथे माणूस चढवण्याचे कारणच नाही. एकाच टॉवरवरची तीन किरकोळ कामे तीन दिवशी न करता एका चढाईत बसवा. चढण्याआधी ज्या सेक्टरसमोर (एका दिशेच्या अँटेनांसमोर) काम आहे तो नियंत्रण कक्षाकडून बंद करून घ्या, आणि बंद करणाऱ्याचे नाव व वेळ परमिटवर लिहा, कारण चालू अँटेनाच्या अगदी तोंडाशी उभे राहणे मर्यादेत बसत नाही. सामान दोरीने चढवताना जवळून ११ केव्हीची लाइन जात असेल तर दोरी आणि अँटेना त्या बाजूला झुलू शकतात का, हे खाली उभे राहून पाहा. शंका असेल तर महावितरणकडून शटडाउन घेतल्याशिवाय सामान उचलू नका.

तुम्ही न विचारलेला पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा आहे : त्या दिवशी लटकलेला मुलगा बेशुद्ध असता, तर त्याला खाली कोणी आणले असते? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्टे आवळतात, रक्त पायांत साचू लागते आणि काही मिनिटांतच त्याची अवस्था बिघडू शकते. अर्ध्या तासाने सुटका झाली तर ती फार उशिरा झालेली असू शकते. पाटणच्या डोंगरातल्या साइटवर अग्निशमन दल तेवढ्या वेळात पोहोचेल, हे गृहीत धरता येत नाही. १०८ ला फोन करायचाच, पण रुग्णवाहिका टॉवरवर चढत नाही. म्हणून एक चढणारा आणि एक गाडीचा चालक, ही जोडी चालणार नाही. साइटवर किमान दोन जण चढण्यास आणि सुटका करण्यास शिकलेले असावेत, त्यांपैकी एक जण हार्नेस घालून खाली तयार राहावा आणि उतरवण्याची दोरी-कप्पीची किट गोदामात नव्हे, गाडीतच असावी. लटकलेल्या माणसाने शुद्धीत असताना पायाखाली घेण्याचे फासे प्रत्येक हार्नेसला लावून घ्या. ते स्वस्त असतात. सुटकेचा सराव महिन्यातून एकदा कमी उंचीवर वाळूच्या पोत्याने करा. पहिल्या सरावाला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा आणि तो आकडा मालकांना दाखवा. माझ्या अंदाजाने तो आकडा पाहिल्यावर तुम्हाला दुसरे काही पटवून द्यावे लागणार नाही.

झाला प्रकार वर कळवावा का? होय, कळवावा. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार मृत्यू, किंवा ४८ तास वा अधिक काळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली, तर सूचना देणे बंधनकारक असते. तुमच्या मुलाला तेवढी इजा झालेली नाही, त्यामुळे मालकांनी सरकारदरबारी काही लपवले असे म्हणता येणार नाही, आणि ही बाजू त्यांना मोकळेपणाने सांगा म्हणजे त्यांची भीती कमी होईल. पण टॉवर कंपनीला मात्र एका पानात कळवा : तारीख, साइट, उंची, पायरीची स्थिती, साधनाची अवस्था, दुरुस्तीची मागणी. मुलाचे नाव लिहू नका. दोष कोणाचा यावर एकही वाक्य नको. हे कळवले नाही आणि उद्या त्याच टॉवरवर दुसऱ्या कंत्राटदाराचा मुलगा पडला, तर आधीची घटना माहीत असूनही गप्प बसल्याचा ठपका तुमच्यावर आणि मालकांवर येईल. त्या मुलाला वैद्यकीय तपासणीशिवाय पुन्हा चढवू नका. मांडी आणि पाठ दाखवून झाली, की त्याच्याशी एकांतात बोला. रात्री झोप लागत नाही, वर गेल्यावर हात कापतात, असे काही सांगितले तर त्याला काही आठवडे खालच्या कामावर ठेवा आणि ते इतरांसमोर शिक्षेसारखे दिसू देऊ नका. सहाही जणांची तपासणी याच निमित्ताने होऊन जाऊ द्या. फिट येणे, चक्कर, अनियंत्रित रक्तदाब आणि रोज रात्रीचे मद्यपान या गोष्टी उंचीवरच्या कामाला चालत नाहीत आणि नोकरी जाईल या भीतीने मुले त्या लपवतात.

हे चालू असतानाच त्यांच्या घरच्यांचाही विचार करा. गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस असे काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. टॉवरची देखभाल त्या व्याख्येत बसते हे वर आलेच आहे, तरी मुलांना ते कोणी सांगितलेले नसते. ९० दिवसांचा दाखला मालकांनी द्यायचा आहे आणि त्यात त्यांचा एक रुपयाही जात नाही. आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे असतील आणि मुलांचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआयचे) कार्ड त्यांच्या हातात आहे का, हे स्वतः पाहा. साइटमागे रोख पैसे दिले की हजेरी कुठेच राहत नाही आणि अपघातानंतर 'हा आमचा माणूसच नव्हता' असे म्हणायला सगळे मोकळे होतात. म्हणून तुमच्या वहीत रोजची हजेरी नाव, साइट आणि वेळेसह हवी.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. आज सोडू नका. तुमच्या जागी येणारा पर्यवेक्षक हे पत्रही लिहिणार नाही, आणि वरच्यांपैकी बऱ्याच गोष्टींना मालकांच्या परवानगीची गरजच नाही : दुर्बीण, गडगडाटाचा नियम, हुक डोक्यावर लावणे, जुना बेल्ट बाजूला काढणे, हजेरीची वही, जमिनीवरची तपासणी आधी. ईमेलला आणि परत फिरलेल्या चढाईच्या पैशांच्या मागणीला दोन महिने द्या. मात्र एक मर्यादा आजच आखा. न पाहिलेल्या साइटच्या परमिटवर सही करायला, झालेल्या चढाईचे परमिट मागल्या तारखेने भरायला, किंवा बाद केलेला बेल्ट पुन्हा गाडीत ठेवायला तुम्हाला सांगितले गेले, तर तिथे दोन महिन्यांची वाट पाहू नका. त्या दिवशी लेखी नकार द्या, आणि नकार मानला गेला नाही तर कारण नमूद करून राजीनामा द्या. आपल्या ईमेलच्या प्रती आणि हजेरीच्या पानांचे फोटो आजपासूनच घरी ठेवत जा, आणि राजीनाम्याची एक प्रत टॉवर कंपनीच्या सुरक्षा विभागाला पोच घेऊन द्या.